मेदाम्ल आणि आमसूल

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीतली मी पहिली पदवीधर. बी.एस्सी., केमिस्ट्री, नंतर बी.एड. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात या पदवीचाही हात आहे. वाडीत कुणाला दवाखान्याचा इंग्रजी कागद आला की तो आजही माझ्याकडे येतो. मी वाचते, मराठीत सांगते, लोक चहा पिऊन जातात. रत्नागिरीत एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवून बरीच वर्षं झाली, तरी ते काम सुटलेलं नाही. मला ते सुटायला नकोही आहे.

कागद

गाठ मला आंघोळ करताना लागली. छातीच्या डाव्या बाजूला, वरच्या अंगाला, चिंचोक्याएवढी. दुखत नव्हती. दुखत नव्हती म्हणून परीक्षेचे पेपर तपासून होईपर्यंत थांबले. तुम्ही थांबू नका.

रिपोर्ट आणायला एकटी गेले. माझे मिस्टर मुंबईला नोकरीला असतात, सुट्टीला येतात. लॅबच्या पायरीवर पाकीट उघडलं. आमच्या घरात आजवर रोगाचं नाव डॉक्टर सांगायचे, किंवा सांगायचे नाहीत. माझे वडील गेले तेव्हा त्यांना नेमकं काय झालं होतं ते आम्हाला अजून माहीत नाही. ‘पोटाचं’ एवढंच. मी मात्र उभ्याउभ्या वाचलं. कार्सिनोमा हा शब्द मला कुणी समजावून सांगावा लागला नाही. वाचता येतं म्हटल्यावर हेही वाचता येतं.

मी रडले नाही. मंडईतून भेंडी घेतली, घरी आले, भेंडी चिरली. मग मिस्टरांना फोन केला. ते म्हणाले, “उद्या निघतो.” दुसऱ्या दिवशी मी एसटीने गावी गेले, आईला सांगायला.

आई अंगणात होती. मे महिना, म्हणजे रातांब्यांचे दिवस. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, रातांबा म्हणजे कोकमाचं फळ. त्याची साल रस लावून लावून वाळवली की आमसूल होतं. आई चटईवर सालं पसरत होती.

“आई, छातीत गाठ आलीय. कॅन्सरची आहे.”

तिने हात थांबवला नाही. “कापनार?”

“हो.”

“मंग कापूदे. ही सालं वाळली की येतंय मी.”

पण सालं वाळेपर्यंत ती थांबली नाही. शेजारच्या काकीवर चटया सोपवून चौथ्या दिवशीच पिशवी घेऊन माझ्या दारात उभी राहिली. पिशवीत गेल्या वर्षीची आमसुलं होती आणि मुठेलाचे, म्हणजे कोकमाच्या थिजलेल्या तेलाचे, दोन गोळे.

पसरणं

ऑपरेशन कोल्हापूरला झालं. डावा स्तन काढला. हा शब्द मी वर्गात सस्तन प्राणी शिकवताना दरवर्षी उच्चारते, पण घरात आम्ही कुणी तो उच्चारला नाही. आई ‘छातीचं’ म्हणायची, मिस्टर ‘ते ऑपरेशन’ म्हणायचे. मीही त्यांच्यासारखंच बोलत होते. ड्रेसिंग बदलताना पहिल्यांदा पाहिलं ते आईने आणि मी एकत्रच. आई म्हणाली, “टाके बरे घातलेत.” तेवढंच. तिला शिवणातलं कळतं.

काखेतल्या गाठीही तपासायला पाठवल्या होत्या. त्यातल्या काहींमध्ये कॅन्सरच्या पेशी सापडल्या. म्हणजे पेशींनी मूळ जागा सोडली होती. केमो द्यायची ठरलं, ती रत्नागिरीतच घेता येणार होती. डॉक्टरांनी धीर दिला, खूप सांगितलं. मला त्यातला एकच शब्द ऐकू आला, ‘पसरणं’. एक स्तन गेला याचं मला फार वाटलं नाही, हे खरं सांगते. भीती होती ती निघून गेलेल्या पेशींची. त्या कुठे आहेत, काय करतायत, कशावर जगतायत. शिक्षिकेला माहीत नसलेल्या गोष्टीचा त्रास जास्त होतो.

खुर्च्या

केमोची खोली म्हणजे आरामखुर्च्यांची रांग, प्रत्येकीशेजारी सलाईनचा स्टँड, कोपऱ्यात वजनकाटा. आधी रक्त, मग वजन, मग डॉक्टर मॅडम, मग सुई. औषधाचा डोस वजनावर ठरतो, म्हणून काट्यावर उभं राहणं चुकत नाही. लाल औषध चढलं की लघवीही लाल होते. हे आधी सांगून ठेवतात, तरी पहिल्यांदा दचकायला होतंच.

माझ्या शेजारच्या खुर्चीत बहुतेक वेळा शकूमावशी असायच्या. मूळच्या बुरोंडीच्या, आयुष्यभर मासे विकलेल्या. उपचारासाठी रत्नागिरीत मांडवीला लेकीकडे राहिलेल्या. डोक्याला फडकं बांधून बसायच्या आणि नर्सशी भावात घासाघीस केल्यासारखं बोलायच्या.

“बाई, तुमचे केस गेले काय?”

“गेल्या आठवड्यात.”

“माझे तर वेणीसकट हातात आले. म्हटलं बरं झालं, तेल वाचलं.” मग माझ्या आईकडे बघून, “ही मास्तरीणबाय जेवते काय गो? वाळत चाललीय.”

“जेवते थोडं,” आई म्हणाली.

“मी सकाळी दोन बांगडे खाल्ले. उद्या ओकीन. आज तरी खाल्ले.”

मी हसले नाही. तोपर्यंत मी मासे सोडलेले होते.

वाचन

पहिल्या केमोनंतर मी वाचायला लागले. मोबाईलवर इंग्रजी लेख. आमच्यासारख्याला सवय असते, अडलं की पुस्तक उघडायचं. त्यात मला मेदाम्ल सापडलं.

तेलातुपाचा रेणू फोडला की त्यातून ज्या लांब साखळ्या सुटतात, त्यांना मेदाम्लं म्हणतात, इंग्रजीत फॅटी ॲसिड. नावात आम्ल असलं तरी ती जिभेला आंबट लागत नाहीत. कॅन्सरची पेशी मूळ जागा सोडून रक्तातून दुसरीकडे जाते आणि तिथे घर करते, तेव्हा तिला भरपूर ऊर्जा लागते. काही पेशी त्यासाठी मेदाम्लं ओढून घेतात, असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. काही मेदाम्लांनी पेशींना बळ मिळतं. काहींनी उलटं होताना दिसतं. माशातली वेगळी, पामतेलातली वेगळी.

मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पेशी कशावर जगतायत, तर तेलावर. काहींनी उलटं होतं हे वाक्य मी वाचलं होतं, पण निवडत बसायला मला धीर नव्हता. मी सगळंच बंद केलं. तेल, तूप, शेंगदाणे, मासे आणि खोबरं. कोकणातल्या स्वयंपाकातून खोबरं काढलं की काय उरतं ते घरी करून बघा.

त्या दिवशी मिस्टरांना फोनवर सगळं समजावलं. त्यांना केमिस्ट्री येत नाही, म्हणून फोड करून सांगितलं. “या फॅटी ॲसिडमुळे पेशी पसरतात. ॲसिड मिळालं नाही की पेशी उपाशी.” ते म्हणाले, “डॉक्टरांना विचारलंस का?” मी म्हटलं, “मी बी.एस्सी. आहे.”

आई स्वयंपाकघरात होती. ऐकत असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

चव

केमोने तोंडाची चव जाते असं सगळ्या सांगतात. माझीही गेली. जेवण म्हणजे ओला कागद चावल्यासारखं. आई ताट आणायची, मी चार घास घ्यायचे, ताट सरकवायचे. भात, वरण, उकडलेली दुधी. कधी उकडलेला लाल भोपळा. मला वाटायचं, हा औषधाचा गुण आहे, सोसायचा. मी तक्रार केली नाही. आईनेही आग्रह केला नाही, आणि हे तिच्या स्वभावात बसत नव्हतं. पण मी तिच्याकडे नीट पाहत नव्हते. मी पेशींकडे पाहत होते.

पायांचे तळवे फुटायला लागले. चालताना भेगांतून रक्त यायचं. आईने मुठेलाचा गोळा काढला. रातांब्याच्या बिया फोडून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तेल येतं. ते निवलं की थिजतं, मग मुठीत दाबून त्याचे गोळे करतात, म्हणून मुठेल. दिसायला पांढरट पिवळं, दगडासारखं घट्ट. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भेगांना तेच लावतात. प्रत्येक गोळ्यावर करणाऱ्या बाईची चार बोटं उमटलेली असतात. आईच्या गोळ्यावर तिची.

तिने गोळा विस्तवाशी धरून मऊ केला आणि माझा पाय मांडीवर घेतला. मी पाय ओढून घेतला.

“नको. तेही फॅटी ॲसिडच आहे.”

“ह्यात कसलं ॲसिड? लहानपनापास्ना लावतंय तुला.”

“आई, तुला त्यातलं कळत नाही.”

तिने गोळा फडक्यात गुंडाळून ठेवला. संध्याकाळी मिस्टर आले होते, त्यांच्याशीही ती बोलली नाही. ते मला म्हणाले, “घरात दोन माणसं आजारी आहेत असं वाटतं.” मी म्हटलं, “मग एकीला गावी सोडून या.” आईने ते ऐकलं. गेली मात्र नाही.

काटा

चौथ्या केमोच्या दिवशी काट्यावर उभी राहिले आणि नर्सने आकडा दोनदा पाहिला. मग मॅडमना बोलावून आणलं. मॅडम माझ्या वयाच्याच, तालुक्यातल्याच, हळू बोलणाऱ्या.

“सुनंदाताई, वजन परत उतरलंय. मागच्या वेळीही उतरलं होतं. रक्तही कमी आहे. अशात मी केमो देऊ शकत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे पुढे ढकलायची. आणि असंच उतरत राहिलं तर उपचार अर्धा राहील.”

मला तेव्हा खरी भीती वाटली. ज्या पेशींना मी उपाशी मारत होते, त्यांना मारणारं औषधच थांबणार होतं.

“जेवता ना?” मॅडमनी विचारलं.

“जेवते. पण विचार करून जेवते.” मी त्यांना सगळं सांगितलं. तेल नाही, खोबरं नाही, मासे नाहीत, का नाहीत. सांगताना माझा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता.

मॅडम ऐकत होत्या. मागून आई म्हणाली, “नि आंबट मी बंद केलंय.”

मी वळून बघितलं. “कधी?”

“तू फोनवर जावयांना सांगितलंस तवापास्ना. ॲसिडनं पसरतं म्हनून. आमसूल नाय, चिंच नाय, लिंबू नाय. ताक सुदीक नाय.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तू म्हनशील, तुला त्यातलं कळत नाय.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे तेलातलं एकीने काढलं, आंबट दुसरीने. मग ताटात राहिलं काय?”

“भात,” आई म्हणाली. “नि वरन. बिनफोडनीचं.”

शकूमावशी पलीकडच्या खुर्चीतून म्हणाल्या, “आईशप्पथ, मी तर ते बघूनच मेले असते.” नर्स तोंड फिरवून हसली. मला हसू आलं नाही, पण कान गरम झाले. ॲसिड म्हणजे आम्ल, आम्ल म्हणजे आंबट. मराठीत शिकलेल्या कुणीही हेच समजलं असतं. वर्गात मीच शिकवते, आम्ले चवीला आंबट असतात. आईने माझं बोलणं नीट ऐकलं होतं आणि माझ्यासाठी स्वतःच्या स्वयंपाकातली सगळ्यात आवडती वस्तू बाजूला ठेवली होती. ती स्वतःही तेच जेवत होती, हे मला तिथे, त्या खोलीत, पहिल्यांदा लक्षात आलं.

मॅडमनी माझा पाणउतारा केला नाही. म्हणाल्या, “तुम्ही जे वाचलंत ते मीही वाचते. खोटं नाही ते. पण ते काचेच्या ताटलीतल्या पेशींवर आणि उंदरांवर दिसलंय. तिथून तुमच्या ताटापर्यंत रस्ता अजून झालेला नाही. होईल तेव्हा मी स्वतः सांगेन. तळलेलं रोज खाऊ नका, वजन फार वाढवू नका, हे मी सगळ्यांना सांगते. पण उपाशी राहून पेशी मरत नाहीत, आधी तुम्ही झिजता.”

“मग पसरणार नाही असं लिहून देता?”

“नाही. तसं कुणीच देणार नाही.”

हे उत्तर मला आवडलं. गोड बोलल्या असत्या तर मी दुसरे लेख शोधले असते.

उठताना आईने विचारलं, “डाक्तरीनबाय, हिच्या पायांना मुठेल लावलं तर चालंल?”

“तळव्यांना लावा की. माझी आजीपण लावायची.”

बाहेर आल्यावर मी मिस्टरांना फोन केला. ताटापर्यंतचा रस्ता अजून झालेला नाही, असं मॅडम म्हणाल्या, हे सांगितलं. ते म्हणाले, “आपल्या अर्धवट हायवेसारखंच म्हण की. तोपर्यंत जुन्या रस्त्याने ये.”

घास

त्या दुपारी आईने बांगड्याचं कालवण केलं. ओलं खोबरं वाटून, वर चार आमसुलं. तिने ताट पुढे ठेवलं आणि स्वतःचंही घेऊन समोर बसली.

मासा मला कळला नाही. खोबरंही नाही. पण जिभेच्या कडेला आमसूल लागलं. आंबट. इतक्या आठवड्यांत तोंडाला लागलेली ती पहिली चव. मी दुसरा घास घेतला, खरं आहे का ते बघायला. खरं होतं. चव सगळी औषधाने नेलेली नव्हती. थोडी आमच्या दोघींच्या शहाणपणाने नेली होती.

“लागतंय काय?” आईने विचारलं.

“आंबट लागतंय.”

“मंग भात घे अजून.”

जेवण झाल्यावर मी तिला रातांबा समजावून सांगितला. सालीत आम्ल असतं, ते आंबट. बीमध्ये तेल असतं, त्यात मेदाम्ल. नाव एकच, पण गुण वेगळे. ती माझे तळवे चोळत होती. मुठेलाचा वास मला येत नव्हता, पण गरम लागत होतं.

ती म्हणाली, “म्हंजी एकाच फळाचं अर्धं तू सोडलंस, नि अर्धं मी.”

“हो.”

“नि टाकलं कोनी? कोनीच नाय. दोनी घरातच हाय.”

पुढच्या वेळी काट्याकडे जाताना मी चपला काढल्या आणि आईने माझी पर्स धरली. शकूमावशी म्हणाल्या, “पर्स घेऊनच चढ गो, तेवढंच वजन.” नर्सने आकडा एकदाच पाहिला. मॅडमनी मान डोलावली आणि सुई लागली. केमोची सुई लागली म्हणून बरं वाटणारी बाई तोवर मी पाहिली नव्हती.

मूठ

राहिलेल्या केमो झाल्या, मग रेडिएशन झालं. शकूमावशींचंही संपलं, त्या परत बुरोंडीला गेल्या. मी शाळेत रुजू झाले. तपासण्या चालू आहेत. प्रत्येक वेळी मॅडम सांगतात, “सध्या काही दिसत नाही.” त्यातला ‘सध्या’ मला ऐकू येतो. तो जाणार नाही, एवढं मला समजलंय. पेशी कशावर जगतात याचा अभ्यास जगात कुठेतरी चालू आहे, आणि निघेल ते मी वाचीनच. वाचणं मी सोडलेलं नाही. फक्त वाचलेलं आता आधी मॅडमना विचारते, आणि घरात मराठीतून, पूर्ण सांगते. तुमच्या घरात कुणी पथ्य पाळत असेल तर ताटात काय नाही ते एकमेकांना विचारा. गप्प राहून काढलेल्या वस्तू कुणी मोजत नाही.

काखेतल्या गाठी काढल्यामुळे डाव्या हातात जोर नव्हता. व्यायाम सांगितला होता, रबरी चेंडू दाबायचा. मी कंटाळा करायचे.

यंदा मे महिन्यात गावी गेले. आईने बिया उकळल्या, वरचं तेल काढून ताटलीत निवत ठेवलं. अर्धवट थिजल्यावर एक गोळा स्वतः दाबला आणि दुसऱ्याचं तेल माझ्यापुढे सरकवलं.

“उजव्यानं नको. डाव्यानं.”

कोमट होतं, चटका बसेल एवढं नाही. मी मूठ आवळली. काखेत ओढ बसली, खांद्यापर्यंत गेली. तेल बोटांमधून बाहेर यायला बघत होतं.

“आवळ अजून. सोडू नको एवढ्यात.”

मी धरून ठेवलं. घट्ट झाल्यावर मूठ उघडली. आईने गोळा उचलून उजेडाला धरला, चष्मा वर केला, फिरवून पाहिला.

“तीन बोटं चांगली उमटलीत,” ती म्हणाली. “करंगळी पुसट हाय. पुढल्या वर्साला येईल.”

तिने तो तिच्या गोळ्याशेजारी ठेवला आणि वाळवायच्या सालांकडे गेली.